ऑनलाइन स्पर्म डोनर शोधायच्या आधी हे वाचा

माझ्या नवऱ्याच्या वीर्यतपासणीच्या रिपोर्टवर शुक्राणूंच्या आकड्याच्या जागी ‘निल’ लिहिलेलं होतं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत पाच मिनिटांत सांगून टाकलं, ‘डोनरचा विचार करा.’ घरी येईपर्यंत आम्ही दोघं रिक्षात एक शब्द बोललो नाही. त्या रात्री तो झोपल्यावर मी मोबाइल घेऊन बसले आणि दोन वाजेपर्यंत स्पर्म डोनरच्या तीन ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरले. तिथले मेसेज वधूवर मेळाव्यातल्या बायोडाटासारखे होते: उंची ५ फूट ११, वर्ण गोरा, इंजिनीअर, निर्व्यसनी, ‘पूर्ण गोपनीयता’. कोणी फुकट ‘समाजसेवा’ करत होतं, कोणी प्रवासखर्च मागत होतं.

पुढचे दोन महिने आम्ही जे वेड्यासारखं फिरलो, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. पण आता त्या रात्री दोन वाजता मला कोणीतरी काय सांगायला हवं होतं, ते मला माहीत आहे.

१. आधी ‘निल’ रिपोर्ट पक्का करा

एका तपासणीवर काहीही ठरवू नका. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता दिलेला नमुना, काही आठवड्यांच्या अंतराने, दोनदा तरी तपासायला हवा. नमुना मशीनमध्ये फिरवून तळाशी बसलेला गाळ बघितला का, हेही लॅबला विचारा. कधी कधी त्या गाळात मोजके शुक्राणू सापडतात.

मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडून उठून पुरुषांच्या वंध्यत्वावर काम करणाऱ्या युरोलॉजिस्टकडे जा. शुक्राणू तयार होत नाहीत, की तयार होतात पण वाटेत अडतात, हे तो शोधतो. अडथळा असेल तर अंडकोषातून सुईने शुक्राणू काढून आयव्हीएफ (शरीराबाहेर लॅबमध्ये गर्भ तयार करणं) करता येतं, म्हणजे डोनरची गरजच उरत नाही. हार्मोनच्या तपासण्या, कॅरिओटाइप म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, आणि वाय गुणसूत्राची तपासणी या टप्प्यावर होतात. आणखी एक गोष्ट पुरुष सहसा सांगत नाहीत: जिममध्ये घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं. त्यांनी शुक्राणू शून्यावर येऊ शकतात आणि ती बंद केल्यावर अनेकांचे काही महिन्यांत परत येतात. डॉक्टरांसमोर लाज बाजूला ठेवून हे सांगा.

आमच्याकडे यातलं काही निघालं नाही. पण तेही तपासल्यावरच कळलं.

२. कायदा काय म्हणतो

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायदा, म्हणजेच एआरटी कायदा, २०२१ सालचा आहे आणि २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यातलं आपल्या कामाचं एवढंच:

- दात्याचं वीर्य गोळा करणं, तपासणं आणि साठवणं हे काम फक्त नोंदणीकृत बँक करू शकते. क्लिनिक नमुना बँकेकडून मागवतं.
- दाता २१ ते ५५ वर्षांचा हवा. त्याचं नाव, पत्ता आणि आधार बँकेकडे नोंदलेलं असतं. तुम्हाला त्याचं नाव कळत नाही.
- एका दात्याचं वीर्य एकाच जोडप्यासाठी वापरायचं.
- उपचार घेणारी स्त्री २१ पेक्षा मोठी आणि ५० पेक्षा लहान, पुरुष २१ पेक्षा मोठा आणि ५५ पेक्षा लहान.
- जन्मलेलं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच. दात्याचा त्यावर कोणताही हक्क राहत नाही.
- वीर्य किंवा स्त्रीबीज विकणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेला ५ ते १० लाख रुपये दंड, पुन्हा केल्यास ३ ते ८ वर्षांची कैद आणि वर १० ते २० लाखांचा दंड.

अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीलाही हा मार्ग खुला आहे. लिव्ह-इनमधल्या किंवा समलिंगी जोडप्यांना मात्र ‘जोडपं’ म्हणून कायदा दारात उभं करत नाही. दोघी असतील तर एकीला एकटी स्त्री म्हणून जावं लागतं आणि दुसरीचं नाव कुठेच येत नाही. यांच्यातले काही जण ऑनलाइन मार्गाकडे वळतात, त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. पण खालची जोखीम त्यांनाही तेवढीच आहे.

वरच्या यादीतला हक्कांचा मुद्दा पुन्हा वाचा. हे संरक्षण कायद्याच्या चौकटीतल्या दात्यापुरतं आहे. ग्रुपवर भेटलेला माणूस स्वतःला कितीही ‘डोनर’ म्हणवून घेवो, त्याच्यापासून झालेल्या मुलाच्या बाबतीत ही ढाल तुमच्या हातात नसते. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर ‘मी हक्क सोडत आहे’ असं लिहून घेतल्याने ती मिळत नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या टोपिका शहरात २००९ साली एका माणसाने ऑनलाइन जाहिरात वाचून दोन बायकांच्या जोडप्याला वीर्य दिलं आणि हक्क सोडल्याचा करारही केला. पुढे राज्य सरकारनेच त्याच्याकडे मुलीच्या पोटगीचा दावा लावला. मध्ये डॉक्टर नव्हता म्हणून तो दाता ठरत नाही, बाप ठरतो, असं न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटलं. त्यातून सुटायला त्याला २०१६ उजाडलं. कायदा तिकडचा आहे, पण घरगुती कराराची किंमत यावरून कळते.

३. ऑनलाइन दाता: फट कुठे कुठे असते

*रिपोर्ट.* आम्ही ज्याच्याशी बोलत होतो त्याने न मागता एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस या सगळ्यांची पीडीएफ पाठवली. मी खूश. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पर्चेसला आहे, दिवसभर बिलं तपासतो. त्याने फाइल मोठी करून बघितली. नावाची अक्षरं बाकीच्या मजकुरापेक्षा किंचित जाड होती. नमुना घेतल्याची तारीख १४, रिपोर्ट दिल्याची ११. मग त्याने कोपऱ्यातला क्यूआर कोड दुसऱ्या फोनने स्कॅन केला, तर कोणा ५४ वर्षांच्या बाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट उघडला.

आम्ही तेव्हा हसलो. नंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

पण समजा रिपोर्ट खरा आहे. तरी तो नमुना दिला त्या दिवशीच्या रक्ताबद्दलच बोलतो. एचआयव्हीची लागण झाल्यावर नेहमीच्या तपासणीत ती दिसायला काही आठवडे जाऊ शकतात, आणि त्या काळात तो माणूस संसर्ग देऊ शकतो. म्हणूनच बँकेत वीर्य गोठवून सहा महिने बाजूला ठेवायची पद्धत आहे: दात्याचं रक्त पुन्हा तपासायचं, ते स्वच्छ निघालं की मगच जुना नमुना वापरायचा. ताज्या वीर्याच्या बाबतीत हे करताच येत नाही. दाता कितीही प्रामाणिक असला तरीही नाही.

*रक्तातले आजार.* थॅलेसेमिया किंवा सिकलसेलचा वाहक माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःलाही पत्ता नसतो. आई आणि दाता दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट या भागांत सिकलसेल बराच आहे. एचपीएलसी नावाच्या साध्या रक्ततपासणीत हे कळतं. आधी स्वतःची करून घ्या, मग दात्याची झाली का ते विचारा. ग्रुपवरच्या अकरा जणांना मी हा प्रश्न विचारला. नऊ जणांनी ‘मी एकदम फिट आहे’ असं उत्तर दिलं, दोघांनी मला ब्लॉक केलं.

*आकडा.* ‘तुम्ही आतापर्यंत किती जणींना मदत केली?’ याचं खरं उत्तर कळायचा मार्गच नाही. नेदरलँड्समध्ये योनाथन मायर नावाच्या माणसाला एप्रिल २०२३ मध्ये हेगच्या न्यायालयाने वीर्यदान थांबवायला लावलं, तोवर त्याची साडेपाचशेच्या वर मुलं झाली होती. काही क्लिनिकमधून, काही थेट ऑनलाइन ओळखीतून. प्रत्येक आईबापाला तो वेगळा, छोटा आकडा सांगत होता. आता हाच प्रकार एका जिल्ह्यात, एका भाषेत, एका जातीच्या ग्रुपमध्ये झाला तर काय, याचा विचार करा. तिथे लग्नाची स्थळं पंचक्रोशीतच बघतात.

*‘नॅचरल पद्धत’.* बोलणं जरा पुढे गेलं की हा विषय येतोच. ‘कृत्रिम पद्धतीत यश कमी, डॉक्टर फसवतात, नॅचरलने एकाच वेळात राहतं.’ भाषा मदतीची असते आणि मागणी शरीराची. एकदा ‘नाही’ म्हटल्यावर तुम्हाला अपराधी वाटेल असे मेसेज येऊ लागतात. हे वाक्य ज्या क्षणी येईल त्या क्षणी बोलणं बंद करा, समजावत बसू नका.

*पार्सल.* मला एका ‘एजंट’ने कुरिअरने नमुना पाठवायची तयारी दाखवली: थर्माकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या, सगळे पैसे आधी यूपीआयने. गोठवलेलं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवतात, त्यासाठी खास टाकी लागते. मासे आणायच्या डब्यात ते टिकत नाही. पैसे गेले असते, एवढंच झालं असतं.

*घरी सिरिंज.* व्हिडिओ बघून काही जणी पुढे जातात. एक गोष्ट लक्षात ठेवा: न धुतलेलं वीर्य नळीने थेट गर्भाशयात कधीही सोडायचं नाही. त्याने भयंकर कळा येतात आणि गर्भाशयात जंतुसंसर्ग होऊ शकतो. आययूआयच्या, म्हणजे डॉक्टरांनी नळीने गर्भाशयात वीर्य सोडण्याच्या, आधी लॅबमध्ये वीर्य धुतात ते याचसाठी.

*ब्लॅकमेल.* तुमचं नाव, गाव, नवऱ्याचा रिपोर्ट, चॅटचे स्क्रीनशॉट हे सगळं त्याच्याकडे राहतं. मूल झाल्यावर तर त्याच्या हातात हुकमाचा पत्ताच येतो.

४. घरातलाच माणूस? तेही नाही

आमच्या आत्याबाईंना कुणकुण लागली तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, ‘धाकटा दीर आहे की. महाभारतात नाही का व्यासांनी…’ मी म्हटलं, आत्या, त्या नियोगातून पुढे काय उद्भवलं ते अठरा पर्वांत लिहिलंय.

विनोद सोडा. ओळखीच्या किंवा नात्यातल्या माणसाचं वीर्य वापरायला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतच मनाई होती, आणि आताच्या कायद्यात तर सगळं बँकेतूनच येतं. प्रामाणिक क्लिनिक दिराला आत घेणार नाही. एखादं घेत असेल तर ते आणखी कुठल्या नियमात सूट देतंय याचा विचार करा.

५. क्लिनिक आणि बँक तपासा

कायद्यात क्लिनिकचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय, दुसऱ्यावर आयव्हीएफसकट सगळं. बँकेची नोंदणी वेगळी. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं आणि ते पाच वर्षांसाठी असतं, म्हणून तारीख वाचा. राष्ट्रीय एआरटी व सरोगसी नोंदवहीच्या सरकारी वेबसाइटवर नाव शोधा. रिसेप्शनच्या भिंतीवर बाळांचे शंभर फोटो आणि प्रमाणपत्र मात्र ‘नूतनीकरणाला गेलंय’, अशा एका ठिकाणाहून आम्ही जिना उतरून परत आलो.

बँक म्हणजे गंगाजल असंही समजू नका. डेन्मार्कच्या एका मोठ्या बँकेतल्या दात्याच्या शुक्राणूंत कर्करोगाची जोखीम वाढवणारा जनुकदोष निघाला आणि त्याच्यापासून किमान १९७ मुलं झाल्याचं २०२५ मध्ये पत्रकारांनी उघडकीला आणलं. फरक एवढाच की तिथे नोंदी होत्या, म्हणून अनेक कुटुंबांचा माग काढता आला.

क्लिनिकमध्ये हे प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या:

- नमुना कोणत्या बँकेचा, तिचा नोंदणी क्रमांक काय?
- दात्याचा सांकेतिक क्रमांक आमच्या फाइलमध्ये लिहून मिळेल का?
- दात्याची दुसरी एचआयव्ही तपासणी कोणत्या तारखेला झाली?
- थॅलेसेमिया, सिकलसेल बघितलं का?
- दात्याचा रक्तगट? तुमचा निगेटिव्ह असेल तर हे आधीच बोला.
- नमुना वितळवल्यावर हालचाल करणारे शुक्राणू किती होते?
- एका फेरीचा एकूण खर्च किती? औषधं, सोनोग्राफी, नमुना, लॅब असं वेगवेगळं लेखी द्या. एक दाता एका जोडप्यालाच, या नियमामुळे नमुन्याची किंमत चांगलीच जाणवते. ती शेवटच्या दिवशी कळू नये.

मुलगा हवा की मुलगी हे ‘बघून देतो’ असं कोणी कुजबुजलं तर तिथून निघा. तोही गुन्हाच आहे.

६. कागदपत्रं

दोघांचं आधार, वयाचे पुरावे, फोटो, लग्नाचा नोंदणी दाखला. लग्नपत्रिका आणि अल्बम चालत नाहीत. आमच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि नोंदणी राहिलेली होती. त्यासाठी भटजी, साक्षीदार सगळे पुन्हा गोळा करण्यात तीन आठवडे गेले, तेव्हा हे काम आजच करा. सोबत नवऱ्याचे जुने सगळे रिपोर्ट, तुमची एचएसजी म्हणजे नळ्या मोकळ्या असल्याची तपासणी, दोघांच्या संसर्गाच्या तपासण्या, तुमची एचपीएलसी आणि थायरॉइड. एकट्या स्त्रीने क्लिनिकला आधी फोन करून यादी मागून घ्यावी.

संमतिपत्र मराठीत मागा. इंग्रजीच असेल तर घरी नेऊन वाचा. कायद्याने क्लिनिकने समुपदेशन द्यायलाच हवं आणि वीर्य आत सोडेपर्यंत तुम्ही संमती मागेही घेऊ शकता. नवऱ्याची सही महत्त्वाची: त्याच्या संमतीने झालेलं मूल त्याचंच. मनात किंतु असेल तर सही आज करू नका. माझ्या नवऱ्याने पेन हातात घेऊन खाली ठेवलं होतं. आम्ही दोन महिने थांबलो.

७. प्रत्यक्ष आययूआय

यात घाबरण्यासारखं फार नाही. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून औषधं, दोन-तीन सोनोग्राफी, बीज पक्व झालं की इंजेक्शन, आणि साधारण ३६ तासांनी आययूआय. टेबलावर दहा मिनिटं. मला पाळीच्या दुखण्याइतकंही दुखलं नाही. सिस्टरने नळीवरचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि मी तो फाइलमधल्या क्रमांकाशी ताडून बघितला, तसं तुम्हीही बघा.

पहिल्या फेरीत राहिलं नाही तर दाता वाईट होता असं समजू नका. न राहणंच जास्त वेळा घडतं. आमचं तिसऱ्या फेरीत राहिलं.

८. आधीच कोणाशी बोलणं झालं असेल तर

चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, नंबर आणि यूपीआयची पावती जपून ठेवा. पैसे गेले असतील किंवा धमकी येत असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. ब्लॅकमेल करणाऱ्याला पहिला हप्ता दिलात की दुसरा ठरलेलाच. ताज्या वीर्याशी संपर्क आला असेल आणि ७२ तास उलटले नसतील, तर सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात जाऊन एचआयव्ही रोखणाऱ्या औषधांबद्दल विचारा. इथे एआरटी म्हणजे एचआयव्हीचे उपचार, नावात गोंधळू नका. जितक्या लवकर जाल तितकं चांगलं.

९. परदेशात असाल तर

माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये असते, तिच्यामुळे तिथलं थोडं कळलं. परवानाधारक क्लिनिकमधून गेलात तर दाता कायद्याने बाप ठरत नाही आणि एका दात्याकडून जास्तीत जास्त दहा कुटुंबं. खासगी व्यवहार केला आणि तुमचं लग्न झालेलं नसेल, तर तोच माणूस कायदेशीर बाप ठरू शकतो. तिथे १ एप्रिल २००५ नंतरच्या दात्यांची ओळख मुलाला अठराव्या वर्षी मागता येते. आपल्याकडच्या गुप्ततेपेक्षा हे वेगळं आहे, मनाची तयारी ठेवा.

१०. बाळ झाल्यावर

सगळी फाइल जपा: संमतिपत्राची प्रत, दात्याचा क्रमांक, बँकेचं नाव, प्रत्येक पावती. क्लिनिकला नोंदी निदान दहा वर्षं ठेवाव्या लागतात, पण तुमची प्रत तुमच्याकडे असू द्या.

जन्मनोंदणीच्या अर्जात वडिलांच्या रकान्यात नवऱ्याचंच नाव लिहायचं. दात्याबद्दल तिथे काही विचारत नाहीत. मी आठवडाभर आधीपासून उत्तरं घोकून गेले होते. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचला, मान वर केली आणि विचारलं, ‘आडनावात र्‍हस्व की दीर्घ?’